मधुमेह आणि बधिर पाऊल

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून गेलेला असतो. आई भवानीच्या दर्शनाला पायी जाण्याचा नवस फेडणारी ही मंडळी सुमारे ४५ किलोमीटरांची वाट चालतात, आणि त्यांतील पुष्कळजण अनवाणी असतात. दिवस वर येऊ लागला की डांबरी सडक तापते, तळवे पोळू लागतात, आणि चालणारा आपोआप कडेची माती धरतो किंवा झाडाखाली टेकतो. कोणी त्याला सांगावे लागत नाही. पायच सांगतो.

या यात्रेत असा एक मनुष्य कल्पावा की, ज्याचे पाय पोळतच नाहीत. वय पन्नाशीचे, कळंबकडचा शेतकरी, दहाबारा वर्षे मधुमेहाचा रोगी. बरोबरीचे तरुण सावली शोधीत असता हा सरळ सडकेच्या मधून चालतो आणि मनात म्हणतो, ही आईचीच कृपा. संध्याकाळी मुक्कामावर त्याची बायको पाय धुवायला पाणी देते आणि फरशीवर उमटलेले पाऊल पाहून दचकते. त्या पावलात रक्त असते. तळव्याला अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला असतो, आणि ज्याचा पाय त्यालाच त्याचा पत्ता नसतो.

धाराशिव जिल्ह्याला पायाची कथा नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट मराठी घरांतील लहान मूलही जाणते. विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून माती तुडविताना पायाखाली आपले तान्हे मूल आले, ते त्यांना कळले नाही. ती बधिरता भक्तीची होती आणि ती मनाची होती. मधुमेह्याची बधिरता मात्र शरीराची आहे. ती मन जागे असता येते, हळूहळू येते, आणि येताना वाजतगाजत येत नाही.

आपल्या पूर्वजांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. ज्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, त्याच्या हातापायांना दाह होतो व बधिरपणा येतो, असे चरकसंहितेने प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत नोंदवून ठेविले आहे. तथापि त्या काळी तीव्र मधुमेहाचा रोगी फार वर्षे जगत नसे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले आणि रोग्यांचे आयुष्य वाढले. आयुष्य वाढल्यावर दीर्घकाळ साचलेल्या साखरेचे परिणाम डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांवर दिसू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतातील मधुमेह्यांची संख्या १० कोटी १० लाख इतकी सांगितली आहे. तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे दर शंभर मधुमेह्यांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा पायाची जखम होते. ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांपैकी बहुतेकांच्या दुर्दैवाचा आरंभ अशाच एका क्षुल्लक जखमेपासून झालेला असतो.

आता ही जखम होते कशी, ते पाहू. पायाला जाणारे मज्जातंतू तीन प्रकारची कामे करितात. काही तंतू ऊन, थंड, टोचणे, दुखणे यांची वार्ता मेंदूकडे नेतात. काही स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचवितात. आणि काही त्वचेचा घाम व रक्ताचा पुरवठा सांभाळतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे या तिन्ही प्रकारच्या तंतूंना इजा होते. सर्वांत लांब तंतू पहिल्याने बिघडतात, म्हणून आरंभ बोटांच्या टोकांपासून होतो. वार्ता नेणारे तंतू गेले की खडा टोचत नाही. आज्ञा देणारे तंतू दुबळे झाले की बोटे आखडून पंज्याप्रमाणे वाकतात आणि तळव्याची हाडे खाली येऊन जमिनीवर दाबतात. घामाचे तंतू गेले की कातडी कोरडी पडते व टाचेला भेगा पडतात. दाबाच्या जागी घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते, आणि एके दिवशी ते फुटते. त्यातच पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरण्यास लागणारे रक्तही पुरेसे पोचत नाही.

मौज अशी की, या ज्ञानाचा मार्ग मधुमेहाच्या दवाखान्यातून निघाला नाही. तो कुष्ठरोग्यांच्या वस्तीतून निघाला. १९४६ साली डॉक्टर पॉल ब्रँड हे इंग्रज शस्त्रवैद्य मद्रास इलाख्यातील वेल्लोर येथे आले. कुष्ठरोग्याची बोटे रोगानेच झडतात, अशी त्या वेळी सर्वांची समजूत होती. ब्रँड यांनी रोग्यांच्या हातापायांची बारकाईने पाहणी केली, तेव्हा त्यांना आढळले की मांस आपोआप सडत नसून रोज होणाऱ्या लहानसहान इजांनी ते नष्ट होत आहे. कोणी जळता निखारा हाताने उचलतो, कोणी मोडलेल्या घोट्यावर चालत राहतो. काही रोग्यांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. शोध करता असे कळले की झोपेत उंदीर ती कुरतडीत आणि रोग्याला जाग येत नसे. मग वेल्लोरला रोग्यांना मांजरे पाळावयास देण्यात आली. शस्त्रक्रियेइतकाच हाही वैद्यकाचा भाग होता. वेदना ही शत्रू नसून राखणदार आहे, हा ब्रँड यांचा सिद्धांत या अनुभवांतून आला. पुढे ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्लोरचे तेच धडे मधुमेह्यांच्या पायांना लागू केले. ज्या रोगाचे नाव घेताच समाज तोंड फिरवीत होता, त्या रोगाने आज सुखवस्तू मधुमेह्याचा पाय वाचविण्याची विद्या दिली आहे.

महाराष्ट्रातही हे काम झाले. पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठधामात डॉक्टर नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर, पायांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटनशल्याचा विभाग उभारून त्यांनी कुष्ठरोगातील मज्जातंतूंचा अभ्यास चालविला. कुष्ठरोगात तंतूला सूज येते. हाडांच्या व बंधांच्या अरुंद बोगद्यातून जाणारा असा सुजलेला तंतू, बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तसा आवळला जातो. सूज उतरविण्याची औषधे देऊनही ती उतरेना, तर शस्त्रवैद्य तो बोगदा उघडून तंतू मोकळा करितात. औषध पहिले आणि शस्त्र नंतर, हा तेथील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

हीच कल्पना मधुमेहाला लागू करण्याचे धाडस अमेरिकेतील बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य डॉक्टर ली डेलन यांनी केले. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी असा विचार मांडला की, मधुमेहात तंतूवर दुहेरी संकट येते. साखरेचा काही अंश तंतूत सॉर्बिटॉल नावाच्या द्रव्यात बदलतो, ते द्रव्य पाणी ओढून घेते आणि तंतू फुगतो. आणि हा फुगलेला तंतू जेथे मुळातच वाट चिंचोळी आहे तेथे चेपला जातो. पहिले संकट साखरेचे आहे आणि ते शस्त्राने जाणार नाही. दुसरे संकट जागेचे आहे, आणि जागा करून देता येते. तेव्हा साऱ्या बधिरपणाचा नव्हे, तरी त्यातील चेपण्यामुळे आलेल्या भागाचा उपाय शस्त्रक्रियेने होऊ शकेल, असे त्यांचे म्हणणे होते.

पायात अशा अडचणीच्या जागा कोठे आहेत? एक गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला, जेथे तंतू बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढे येतो. दुसरी पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा व शेजारचे बोट यांच्या रेषेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची घोट्याच्या आतल्या बाजूस. येथून तळव्याचा मुख्य तंतू एका बळकट पट्ट्याखालून जातो आणि लगेच त्याच्या शाखा टाचेकडे व तळव्याकडे आपापल्या लहान बोगद्यांतून शिरतात. या जागी बोटाने हलके ठोकून पाहतात. तळव्यात झिणझिण्या उठल्या, तर तेथे तंतू चेपलेला असून अद्याप त्यात जीव आहे, असे अनुमान करितात. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या मस्तकांवर थापटी मारून कोणते मडके कच्चे ते पारखले, अशी कथा आहे. शस्त्रवैद्याची ही थापटीही पारख करण्यासाठीच असते. जेथे काहीच उमटत नाही, तेथे शस्त्र चालवून लाभ होण्याची आशा थोडी.

शस्त्रक्रिया दिसण्यात साधी आहे. तंतूला कापीत नाहीत. त्याच्या वरचे आवळलेले बंध कापून त्याला मोकळे करितात. अलीकडे काही शस्त्रवैद्य हेच काम एखाद्या लहानशा छेदातून नळीसारखी दुर्बीण आत घालून करितात; छेद लहान असल्याने जखम लहान राहते. मधुमेह्याच्या बाबतीत या लहानपणाला विशेष मोल आहे, कारण ज्याची जखम भरण्याचीच पंचाईत, त्याला मोठी जखम करणे हे कोणत्याही वैद्याला जड वाटते. म्हणूनच ज्या पायात रक्ताचा पुरवठा अपुरा आहे, ज्यात पू झालेला आहे किंवा ज्या रोग्याची साखर आटोक्यात नाही, त्यावर अशी शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर नव्हे.

परंतु तिचा गुण कितपत येतो? येथे उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. २००४ साली व्हिएन्नाचे डॉक्टर आस्मान यांनी डेलन यांच्या सहकार्याने ५० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. या रोग्यांचे तंतू एकाच पायात मोकळे केलेले होते. सरासरी साडेचार वर्षांनी पाहता शस्त्रक्रिया झालेल्या पायांत एकही नवी जखम नव्हती. उलट न केलेल्या पायांत १२ जखमा झाल्या आणि ३ ठिकाणी अवयव कापावा लागला. हे आकडे ऐकून कोणीही प्रभावित होईल. पण विचारी मनुष्य लगेच विचारील की, कोणत्या पायावर शस्त्रक्रिया करावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरविले होते काय? तसे ठरविलेले नव्हते. शिवाय वेदना कमी झाली असे रोगी म्हणतो, त्यात शस्त्राचा भाग किती आणि आशेचा किती, हेही वेगळे काढणे अवघड असते. २००६ साली अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने या शस्त्रक्रियेची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही असा अभिप्राय दिला. मधुमेही पायाचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानेही २०१९ च्या आपल्या मार्गदर्शनात, जखम टाळण्यासाठी नेहमीची उत्तम निगा सोडून तंतू मोकळे करण्याची शस्त्रक्रिया निवडू नये, असाच सल्ला दिला. त्याच मंडळाने दुसऱ्या एका अतिशय लहान शस्त्रक्रियेला मात्र अनुकूल मत दिले आहे. वाकलेल्या बोटाच्या टोकावर घट्टा धरून तेथे जखम होण्याची भीती असली, तर बोटाखालचा ताणलेला कंडरा सुईसारख्या बारीक शस्त्राने सोडवितात. बोट सरळ होते आणि त्याच्या टोकावरचा भार जातो.

यावरून निराश होण्याचे कारण नाही, आणि जाहिरात वाचून धावण्याचेही नाही. ज्याला शस्त्रक्रिया सुचविण्यात आली असेल त्याने शस्त्रवैद्याला तीन प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. माझा तंतू चेपलेला आहे, हे कोणत्या परीक्षेवरून ठरविले? माझ्या पायात रक्त पुरेसे पोचते आहे, याची तपासणी झाली काय? आणि शस्त्रक्रिया न करता योग्य पादत्राण व निगा यांवर सहा महिने काढले, तर काय बिघडेल? या प्रश्नांचा चांगल्या वैद्याला राग येत नाही.

निगेचा विषय निघाला म्हणजे नागपूरचे डॉक्टर शरद पेंडसे यांचे नाव घ्यावयास हवे. २००४ साली भारतात व टांझानियात पावलांच्या रक्षणाची जी योजना सुरू झाली, तिच्या प्रमुख चालकांपैकी ते एक होते. या योजनेत एक डॉक्टर व एक परिचारिका अशी जोडी शिकवून तयार करीत आणि वर्षाने पुढील शिक्षण देत. परिचारिकेला डॉक्टरच्या बरोबरीने शिकविण्यात मोठा विचार होता, कारण पाय पाहण्याचे काम घाईत होत नाही. त्याला खाली बसावे लागते.

पाहण्याचे साधनही अगदी स्वस्त असते. नायलॉनचा एक धागा, जो दहा ग्रॅमच्या जोराने वाकतो, तो रोग्याला डोळे मिटवून तळव्याला ठिकठिकाणी टेकवितात. धागा वाकला तरी ज्याला स्पर्श कळला नाही, त्याच्या पावलाचा राखणदार निजला आहे असे समजावे. अशी परीक्षा प्रत्येक मधुमेह्याची वर्षातून निदान एकदा झाली पाहिजे. पाय सुन्न आहे अशी तक्रार रोगी स्वतः करील, म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. बधिर पायाला तक्रार करताच येत नाही.

बधिर पायाचा मनुष्य शेतात राबणारा असो की कचेरीत बसणारा, त्याने घरातही अनवाणी फिरू नये. ज्वारीची धसकटे, बाभळीचा काटा, उन्हाळ्यातील तापलेली फरशी आणि देवळाच्या आवारातील दगड, यांपैकी कशाचीही वर्दी त्याचा पाय देणार नाही. चप्पल मऊ तळव्याची व मागे पट्टा असलेली असावी. घालण्यापूर्वी ती झाडून आत हात फिरवून पाहावी. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत आणि गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. पाय धुवायचे पाणी आधी कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाच्या हाताने अजमावावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, टाचेला तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. कुरूप व घट्टे ब्लेडने कापू नयेत. नवस पायी जाण्याचा असेल तर तो चप्पल घालून फेडावा. आई भवानी लेकराच्या पायातील वहाणेवर रुसेल, असे कोणत्याही भाविकाने मनात आणू नये.

जखम झालीच, तर तीवर हळद, चुना, राख असले काही भरून तीच पावले टाकीत राहणे हा सर्वांत मोठा घात होय. मलमापेक्षा जखमेला विश्रांती हवी असते. रोगी दर पावलागणिक साऱ्या देहाचा भार त्या जखमेवर टाकतो, म्हणून ती भरत नाही. भार सर्व पावलावर सारखा वाटला जाईल असा प्लास्टरचा साचा किंवा बूट घालून कित्येक हट्टी जखमा काही आठवड्यांत भरून येतात. येथेच गरिबाची अडचण उभी राहते. खुरपणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत सहा आठवडे पाय वर घेऊन बसणे म्हणजे मजुरी बुडविणे. सोलापूर किंवा लातूरच्या मोठ्या रुग्णालयात जावयाचे तर एक माणूस सोबत हवा, म्हणजे दोघांची मजुरी गेली. म्हणून रोगी आज जातो, उद्या जातो करतो, आणि जातो तेव्हा पाय काळा पडलेला असतो. सहा आठवड्यांची मजुरी वाचविताना जन्माची मजुरी जाते. घरचा मुलगा शाळा सोडून औताला लागतो, आणि त्या घराचा इतिहास एका फोडापाशी बदलतो. पायाभोवती लाली चढत असेल, दुर्गंधी येत असेल, किंवा ताप असेल, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि जखम एकदा भरली म्हणून गाफील राहू नये. भरलेल्या जखमांपैकी दर शंभरांत सुमारे ४० वर्षाच्या आत पुन्हा उघडतात.

शस्त्रवैद्य पुढेमागे तंतू मोकळा करण्याची खात्रीची रीत सिद्ध करतील आणि निजलेल्या पायाला जाग आणतील, अशी आशा अवश्य धरावी. तोवर त्या पायाच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी जागे राहावयास हवे. तुळजापूरच्या मुक्कामावर त्या शेतकऱ्याची जखम प्रथम त्याच्या बायकोला दिसली. तिच्याजवळ दुर्बीण नव्हती की नायलॉनचा धागा नव्हता. ज्या घरात मधुमेहाचा रोगी आहे, त्या घरात दिवेलागणीनंतर कोणी तरी त्याच्यापुढे बसून त्याचे दोन्ही तळवे उजेडात धरून पाहावेत, बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात. घरी दुसरे कोणी नसेल तर रोग्याने जमिनीवर आरसा ठेवून त्यात आपला तळवा पाहावा. या कामाला पाच मिनिटे पुरतात.